साडेपाचची हाक

बाबांच्या वर्षश्राद्धाला अकरा दिवस राहिले होते. सकाळी लुआनं केरसुणी सेटला टेकवली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, याचं काय ते एकदाचं ठरवा. दुरुस्त करा, नाहीतर बदला. पाहुणे यायच्या आत मला निर्णय हवाय."

दोनदादानं भाताच्या वाडग्यातून तोंड वर न काढता उत्तर दिलं, "पाहू."

(दोनदादा नगरपालिकेच्या पाणी खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो. 'पाहू' हा शब्द त्याच्या जिभेवर इतका रुळलाय की 'मुलगी पसंत आहे का?' या प्रश्नालाही त्यानं मुलीसमोर हेच उत्तर दिलं होतं. लुआ ते अजून विसरलेली नाही.)

त्याचं कागदोपत्री नाव खिएम. पण नदीकाठच्या आमच्या मीथो गावात घरातल्या पोरांना आकड्यांनी हाक मारायची रीत आहे, आणि मोजणी दोनपासून होते. थोरल्याला कुणी 'एक' म्हणत नाही. पहिल्या पोरावर नको त्यांचा डोळा असतो म्हणे. जे काही न्यायला आलेलं असेल ते 'एक कुठाय, एक कुठाय' करत घरभर शोधतं आणि हात हलवत परत जातं. म्हणून थोरला खिएम झाला दोन, त्याच्या पाठची बहीण झाली तीन, आणि शेवटच्याला तर आकडाच नाही, तो नुसता धाकू. अशा घरांची गल्ली असली की संध्याकाळी आया पोरांना जेवायला बोलावतात तेव्हा उजळणी चालल्यासारखं वाटतं.

आता सेट. बाबांचा सेट म्हणजे लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आणि त्याच्या दोन बाजूंना छातीएवढे उंच दोन स्पीकर. बाबा शिंपी होते. रोज संध्याकाळी साडेपाचला मशिनवर कापड टाकायचे, सेट लावायचे आणि संगीत नाटकातली रडकी गाणी ऐकत खुर्चीत बसायचे. सेटची डावी बाजू कित्येक वर्षं मुकी होती, स्टेशन बदलायची दोरी तुटून काटा एकाच जागी अडकला होता, आणि त्या जागेवरचं स्टेशनही कधीच बंद पडलं होतं. तरी बाबा बसायचे. खरखर ऐकायचे, मधूनच खोकायचे आणि खोकला थांबला की हाक मारायचे, "दोन... ये रे. बस इथं."

आणि दोनदादाला नेमकं तेव्हाच काहीतरी काम निघायचं. लहानपणी अभ्यास, मग सायकलची हवा, मग कचेरीच्या फायली. आता बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लुआ 'अहो' म्हणायची आणि साहेब 'शुक् शुक्' करायचे.

त्या दिवशी कचेरीतून आल्यावर त्यानं ठरवलं की निर्णयाआधी पाहणी करावी. (पाणी खात्यात पाहणी हे निर्णय टाळण्याचं सगळ्यात मान्यवर साधन आहे.) साडेपाच वाजले होते. आभाळ गढूळ पिवळं झालं होतं आणि नदीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता. लुआ मागच्या अंगणात मासे साफ करत होती. पुढच्या खोलीत दोनदादा एकटा. सेटच्या समोरच्या भिंतीशी देव्हाऱ्यासारखा मांडलेला पितरांचा चौरंग, त्यावर बाबांचा फोटो, फोटोच्या दोन्ही बाजूंना तांबडे दिवे. ते दिवे सेटच्या काचेत दिसत होते, आणि दिव्यांच्या मधोमध बाबांचा चेहराही दिसत होता. दोनदादाला वाटलं, फोटोत बाबा समोर बघतात. काचेत मात्र थेट आपल्याकडे बघतायत.

त्यानं प्लग लावला. व्हॉल्व्ह हळूहळू तापले आणि जाळीतून नारिंगी उजेड येऊ लागला. उजव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. छतातली मोठी पाल सात वेळा बोलली आणि एकदम गप्प झाली. तिच्याबरोबर गल्लीही गप्प झाली.

मग सेटमधून कुणीतरी खोकलं.

"दोन..." सेट म्हणाला. जड, घोगरा, मडक्यातून आल्यासारखा आवाज. "...तीन..."

पुन्हा खोकला. मग नुसती खरखर.

दोनदादा जागच्या जागी गोठला, असं लिहायला छान वाटतं. खरं म्हणजे तो पहिल्या 'दोन'लाच अंगणात पोहोचला होता. 'तीन' त्यानं मोरीच्या दारातून ऐकलं.

"काय झालं?" लुआनं विचारलं. तिच्या हातात सुरी होती आणि सुरीखाली मासा.

"काही नाही. पाहणी झाली."

"मग? दुरुस्त की बदलायचा?"

"पाहू," दोनदादा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

तिन्हीसांजेला मेलेल्या माणसानं नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नसते, हे आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात. ओ दिली की तुम्ही गेलात. आकड्यांची फसवणूक परक्यांना चालते. पण बाबांना कोण फसवणार? दोन म्हणजेच पहिला, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनीच तर मोजायला सुरुवात केली होती.

आणि दोनदादाला दुसरंही एक भय होतं. ते पहिल्यापेक्षा जुनं होतं.

तो आठ वर्षांचा असताना एका संध्याकाळी सेटवर नाटक लागलं होतं. बाबा गिऱ्हाइकाचं माप घ्यायला बाहेर गेलेले. नाटकातली नायिका तळमळून गात होती की मी तीन दिवसांची उपाशी आहे. दोनदादाला दया आली. त्यानं जेवायच्या काडीच्या टोकाला भाताचा गोळा आणि माशाचा तुकडा लावला आणि सेटच्या मागच्या फटीतून बाईंना जेवू घातलं. आत 'फट्' झालं, काडीचं टोक मोडलं आणि डावी बाजू कायमची बंद पडली. बाई उजव्या बाजूनं गात राहिल्या, तशाच उपाशी. बाबा आले तेव्हा सेटपाशी चार वर्षांचा धाकू बसलेला होता आणि त्याच्या हातात जोडीची दुसरी काडी होती. (ती त्याच्या हातात कुणी दिली, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.) धाकूला दोन चपला बसल्या. दोनदादा पडद्यामागून बघत होता आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

चव्वेचाळीस वर्षं उघडलं नाही. सांगू सांगू म्हणता बाबाच गेले. आणि आता ते सेटमध्ये येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी लुआनंही ऐकलं. ती सेटसमोर फणस सोलत बसली होती. "दोन... तीन..." ऐकल्यावर तिनं फणसाचा गरा तसाच तोंडात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या बाबांचा आवाज."

"तुलाही ऐकू आला?" दोनदादाला आधार वाटला.

"मला हाक नाही मारली. मी नात्यानं सून. तुम्ही बघून घ्या."

तिसऱ्या दिवशी तीनताई आली. ती बाजारात कागदी वस्तूंचं दुकान चालवते, म्हणजे पितरांना पोचवायला जाळतात त्या कागदी सदऱ्यांचं, घड्याळांचं, फोनचं. मेलेल्या माणसांच्या गरजा आपल्याइतक्या कुणाला कळत नाहीत, असा तिचा समज आहे. ती मोठ्या ऐटीत सेटसमोर बसली. साडेपाच झाले. "...तीन..." ऐकताच तिनं एवढी किंकाळी फोडली की छतातली पाल खाली पडली.

धाकूही तिच्याबरोबर आला होता. तो फेरीबोटीवर इंजिन सांभाळतो, म्हणून त्याचा भुतांवर विश्वास नाही. तो शेवटपर्यंत कान लावून बसला. खरखर संपेना तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"माझं नाव नाही घेतलं."

"सुटलास की मग!" तीनताई घाम पुसत म्हणाली.

"सुटलो काय? दोन झालं, तीन झालं, मग मी कुठं गेलो? मरणाआधी तीन महिने इस्पितळात पाय कुणी दाबले? मी. आणि तिकडं गेल्यावर आठवण कुणाची? याची! हा तर पाय दाबायचे का म्हटल्यावर 'पाहू' म्हणाला होता!"

"अरे, ते न्यायला बोलावतायत!" दोनदादा ओरडला.

"न्यायला का होईना, विचारायला नको?"

त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. मग मूळ प्रश्नावर चर्चा झाली. तीनताईचं मत बदलण्याच्या बाजूनं पडलं. "हा भंगारात दे. मी बाबांसाठी कागदाचा नवा सेट बनवून घेते, दोन्ही बाजू चालणारा. वर्षश्राद्धाला जाळू. तिकडं त्यांचा त्यांना सेट मिळाला की ते इकडं कशाला येतील?"

"कागदाच्या सेटला वीज कुठून आणणार?" धाकूनं विचारलं.

"वायर जोडून देते. कागदाचीच."

लुआ म्हणाली, "तुम्ही तिघं बोलताय कशाला? ज्यांचा सेट त्यांनाच विचारा."

हे सगळ्यांना पटलं. पितरांना विचारायची आमची पद्धत सोपी आहे. उदबत्ती लावायची, प्रश्न विचारायचा, बशीत दोन नाणी उडवायची. एक छापा, एक काटा पडला की होकार. तीनताईनं नाणी घेतली. "बाबा, सेट दुरुस्त करू का?" दोन्ही छापा. म्हणजे पितर हसतायत. "मग बदलू का?" दोन्ही काटा. म्हणजे साफ नाही. "अहो बाबा, मग करू काय?" तीनताई रडकुंडीला येऊन म्हणाली आणि तिच्या हातून एक नाणं निसटलं. ते घरंगळत सेटच्या डाव्या स्पीकरपाशी गेलं आणि पायाला टेकून उभंच राहिलं. छापा नाही, काटा नाही.

चौघंही त्या नाण्याकडे बघत राहिले. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, तो अचानक डावीकडे वळला. खिडक्या बंद होत्या. धाकूनं उठून दिवा लावला.

(जाताना धाकूनं फक्त एवढंच सांगितलं की वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर पाहुण्यांना गायला त्यानं सातभाऊंकडचा स्पीकर सांगून ठेवलाय. सातभाऊ म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी तीन घरं सोडून राहायला आलेला गृहस्थ. लग्नाकार्याला गाण्याचे स्पीकर आणि माइक भाड्यानं देतो. त्या वेळी कुणाच्या डोक्यात गाणं नव्हतं.)

शेवटी लुआनंच नऊकाकांना बोलावलं. नऊकाका आमच्या भागातले व्हॉल्व्हचे एकमेव जाणकार. वय एक्याऐंशी. ते सकाळी आले, कारण दुपारनंतर त्यांना दिसत नाही. त्यांनी सेटचं मागचं झाकण काढलं, आत विजेरी मारली आणि बराच वेळ "च् च्" करत राहिले. मग चिमट्यानं एक काळंठिक्कर पडलेलं लाकूड बाहेर काढून उजेडात धरलं.

"ही बघा. जेवायच्या काडीचं टोक."

"उंदरानं नेलं असेल," दोनदादा घाईघाईनं म्हणाला.

"तुमच्याकडचे उंदीर काडीनं जेवतात?" नऊकाकांनी टोक हुंगलं. "माशाचा वास येतोय अजून."

दोनदादानं ते टोक त्यांच्या हातातून काढून खिशात टाकलं. लुआ त्याच्याकडे बघत होती. चिमट्यानं जणू आपलीच दाढ उपटली, असं त्याला झालं.

"सेट दणकट आहे," नऊकाका झाकण लावत म्हणाले. "डाव्या बाजूचं काम किरकोळ. स्टेशनची दोरी बदलतो, काटा जागेवर आणतो. मग इकडचे तिकडचे जे फालतू आवाज घुसतात ना, ते अजिबात यायचे नाहीत."

"अजिबात?"

"अजिबात."

लुआनं सुस्कारा सोडला. "देवासारखे आलात. आजच करून टाका."

"नको!" दोनदादा इतक्या जोरात म्हणाला की तो स्वतःच दचकला. "म्हणजे... वर्षश्राद्धाला या. जेवायलाच या. तेव्हा करू."

वर्षश्राद्धाच्या रविवारपर्यंतचे दिवस दोनदादानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. रोज साडेपाचला तो सेटसमोर बाबांच्या खुर्चीत नव्हे, त्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. हाक यायची. ओठ घट्ट मिटून घ्यावे लागायचे. एका मंगळवारी हाक आलीच नाही. खरखर, खरखर, बाहेर अंधारून आलं, पाल बोलली, तरी आवाज नाही. आणि दोनदादाच्या लक्षात आलं की आज आपल्याला जास्त भीती वाटली. सेट दुरुस्त केला तर बाबा जाणार. बदलला तरी जाणार. मग ती गोष्ट सांगायची कुणाला? ओ दिली तर स्वतः जायची वेळ. नाही दिली तर चव्वेचाळीस वर्षांचं ओझं तसंच छातीवर. कचेरीत आयुष्यभर त्यानं लोकांच्या तक्रारी 'पाहू'च्या खणात ढकलल्या होत्या. ही ढकलायला खण नव्हता.

रविवारी वर्षश्राद्धाला सगळे जमले. चौरंगावर नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण आणि अंडी, भरल्या कारल्याचं सार, बाबांच्या आवडीची भाताची दारू. तीनताईनं कागदाचा सेट आणला होता, चांगला गुडघ्याएवढा, दोन स्पीकरचा. जाळायच्या वस्तूंच्या ढिगावर तो सगळ्यात वर ठेवलेला. नऊकाका त्यांची पेटी घेऊन दुपारीच येऊन बसले होते आणि काही दिसत नसल्यामुळे सगळ्यांना नमस्कार करत होते. पाहुण्यांना हाकेची कुणकुण लागली होती. साडेपाच व्हायला आले तसं एकेक जण बोलायचं थांबला. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. दोनदादानं प्लग लावला.

व्हॉल्व्ह तापले. काचेत बाबांचा चेहरा उजळला.

आज आवाज दबका नव्हता. पेटी हादरेल इतक्या जवळून कुणीतरी खोकलं. समोरचे पेले थरथरले. तीनताईच्या मावससासूनं डोळे मिटून तोंडातल्या तोंडात जप सुरू केला.

"दोन!"

दोनदादा उठला. लुआनं त्याचा सदरा धरला. "अहो, ओ देऊ नका! ऐका माझं!"

"...तीन..." सेट म्हणाला.

"आलो, बाबा!" दोनदादा गुडघ्यांवर बसला. त्याचा आवाज लहान पोरासारखा चिरका झाला होता. "मी आलो! न्यायचं तर न्या, पण आधी ऐका. तो सेट धाकूनं नाही मोडला. मी मोडला. ती बाई तीन दिवसांची उपाशी होती, बाबा, मला बघवेना! मी तिला भात दिला. हे बघा, हे टोक!" त्यानं खिशातून काडीचं टोक काढून सेटपुढे ठेवलं. "काडी मीच धाकूच्या हातात दिली. चपला त्यानं खाल्ल्या. रोज तुम्ही हाक मारायचात आणि मी पळायचो, कारण जवळ बसलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं. मला माफ करा. नाही केलंत तरी चालेल, पण कळलं एवढं सांगा!"

उदबत्तीची राख गळून पडली. सेट घरघरला. खोल घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चार," सेट म्हणाला. "पाच. सहा. हॅलो, हॅलो. अरे, आवाजाचा बास फार वाढलाय काय हा? हॅलो! धाकूभाऊ, दार उघडा हो! केव्हाचा उभा आहे, दोन्ही हात अडकलेत!"

धाकूनं दार उघडलं. दारात सातभाऊ उभे होते. एका हातात चाकांचा स्पीकर, दुसऱ्या हातात माइक. त्यांनी घसा खाकरला, आणि तेच खाकरणं एक क्षणभर आधी सेटमधून झालं की काय, असं सगळ्यांना वाटलं.

"माफ करा, उशीर झाला," सातभाऊ म्हणाले. सेटही म्हणाला, "माफ करा, उशीर झाला." पुढच्या रांगेतली म्हातारी बेशुद्ध पडली.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सातभाऊ रोज साडेपाचला आपले बिनतारी माइक तपासायचे. बटण दाबायचे, एक, दोन, तीन म्हणायचे, मध्येमध्ये खोकायचे आणि दुसरा माइक घ्यायचे. पहिल्या माइकचं बटण उशिरा धरायचं, म्हणून 'एक' हवेत विरून जायचा. मंगळवारी ऑर्डर नसायची. बाबांच्या सेटचा काटा नेमका त्या माइकच्या लहरीवर अडकलेला, आणि त्या जुन्या स्पीकरमधून बातम्या देणारी बाईसुद्धा बाबांसारखीच बोलायची. लोक हसले, पोटं धरून हसले, चौरंगावरची दारू नियमाआधीच वाटली गेली. सातभाऊ बिचारे रडत होते. त्यांनी दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं.

"मी रोज उजळणी म्हणतोय, आणि तुम्ही माझ्याशी..."

दोनदादा अजून गुडघ्यांवरच होता. अकरा दिवस आपण एका माइकवाल्याला भ्यालो, त्याच्यापुढे घाम गाळला, आणि सबंध गोतावळ्यासमोर कबुलीजबाब दिला तोही त्यालाच. त्याला वाटलं, बाबांनी खरंच नेलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मान वर केली तेव्हा धाकू समोर उभा होता. आता चपला मिळणार, असं समजून दोनदादानं डोळे मिटले.

धाकू त्याच्या शेजारी खाली बसला. "दोनदादा, ते बाबांना ठाऊक होतं."

"काय?"

"त्याच संध्याकाळी. काडीवर तुझ्या दातांचे चावे होते, सगळ्या घरात काड्या चावायचास तू एकटा. मला मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मला काय, चार वर्षांच्या पोराला काय आठवणार? मोठा झाल्यावर त्यांनीच सांगितलं. दर रविवारी मला एकट्यालाच सायकलवर घालून उसाचा रस प्यायला न्यायचे ना, ती त्या चपलांची भरपाई होती."

"त्रेचाळीस वर्षं?"

"तू कबूल केलं नाहीस, म्हणून रस चालू राहिला. मी कशाला बोलतोय?"

तीनताई म्हणाली, "मग बाबांनी सेट दुरुस्त का नाही केला? नऊकाका तर शेजारच्या गल्लीत!"

"मी तीनदा विचारलं होतं," नऊकाका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. (तीनताई तिकडे आहे असं त्यांना वाटलं.) "म्हणायचे, थोरला येऊन सांगेल तेव्हा करू. तोवर मला एका कानानं पुरतं."

धाकूनं दोनदादाच्या पाठीवर हात ठेवला. "रोज साडेपाचला हाक कशाला मारत होते, वाटलं तुला? गाणं ऐकवायला? गाणं तर अख्खी गल्ली ऐकत होती."

दोनदादानं सेटकडे पाहिलं. मग फोटोकडे. त्याला रडू आलं आणि या वेळी ते त्यानं आवरलं नाही. लोक हसायचे थांबले. लुआनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मागे स्वयंपाकघरात निघून गेली.

बऱ्याच वेळानं दोनदादा उठला, डोळे पुसले, सदरा खाली ओढला आणि सगळ्यांसमोर घसा साफ केला. असं काही तो करू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "बदलायचा नाही. दुरुस्त करायचा. आज. आत्ता."

"शाबास!" सातभाऊ माइकमधून म्हणाले.

नऊकाकांनी पेटी उघडली. तीनताईनं विजेरी धरली, धाकूनं त्यांचा हात योग्य जागी नेऊन ठेवला. आत खुडबूड झाली, जुना व्हॉल्व्ह निघाला, नवा बसला. पाच मिनिटांत नऊकाका उठलेही. चव्वेचाळीस वर्षं अडलेलं काम पाच मिनिटांचं निघालं, असं सगळ्यांना वाटलं. दोनदादा हळूच पुढं आला आणि आयुष्यात प्रथमच बाबांच्या खुर्चीत बसला. त्यानं डोळे मिटले. खोलीत सगळ्यांनी हात जोडले.

आणि डावीकडून आवाज आला. आधी बारीक, मग भरून येणारी, मऊ, दाट खरखर. बाबा ऐकायचे तशीच. दोनदादाच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"ऐका," तो म्हणाला. "डावी बाजू. किती स्पष्ट. काय गोडवा आहे! बाबा, ऐकताय ना? मी बसलोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सातभाऊंनी नाक शिंकरलं.

"अहो," डावीकडच्या स्वयंपाकघरातून लुआनं हाक मारली, "कुणाशी बोलताय? मी मासे तळतेय. डाव्या बाजूची वायर अजून जोडायचीय, नऊकाका ती आणायला केव्हाच घरी गेलेत."